क्रेनची चाकं

वसमतच्या बसस्थानकावर कुरुंद्याची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर चाळिशीतलं एक जोडपं भांडत होतं.

"माझी क्रेन तू दिलीच कशी, शिला? प्लास्टिकचे नऊशे ठोकळे, पुस्तकात बघून बघून चार महिने जोडले मी!"

"तुमच्या बहिणीचं लेकरू रडून राहिलं व्हतं."

"रडू द्यायचं! ते काय लेकराचं खेळणं हाय?"

"आपल्या घरातून रडत गेलं असतं आन् सांजच्याला ताप आला असता, तर? सारा गाव म्हणला असता, वांझेची नजर लागली. पयल्या तुमच्या आई म्हणल्या असत्या."

"आईला मधी काहून आणते?"

"त्या तिथंच उभ्या व्हत्या. 'दे की, तुमच्या घरात कोण खेळणार हाय,' म्हणल्या."

"कुरुंद्याला बहिणीकडं जाऊन आणतोच मी माझी क्रेन."

"काही जाऊ नका. दोन दिवसांत तेच वापस आणून देतेत. आत नेऊन पिशवीत भरताना सगळी चाकं काढून पिठाच्या डब्यात ठेवली मी."

"तू? काहून?"

"काहून म्हणता? रोज सुपात रंगारंगाचे ठोकळे निवडून कोण देत व्हतं तुमाला? आन् सकाळपासून म्हणून राहिले, माझी क्रेन, माझी क्रेन!"