पिंपातलं डाळिंब

न्हाई आण्णा, तिथंच थांबा. आत या, पर डब्यांच्या अलीकडं. तो पाट हाय बघा, त्यावर बसा — आणि हात जरा मांडीवर ठेवा. तुमच्यावर इश्वास न्हाई असं न्हाई. तुमी घरमालक, वडीलधारे, तुमाला मी हात मांडीवर ठेवा म्हणतोय, मलाच कसंतरी वाटतंय. पर तुमी दारात पाऊल टाकल्यापासनं त्या पिंपाकडंच बघताय. वैनीनं पाठवलं न्हवं? काल तिनं सोता विचारलं, सकाळी तुमच्या राजमतीकाकूला पुढं केलं, आता तुमाला. सगळ्यांस्नी एकच सांगितलं, तुमालाबी तेच. ते डाळिंब झाडावरनं निघणार न्हाई.

हळू बोला. आत माली झोपलीय — झोपली कसली, कण्हतीय. दादाचीच पोर, दादासारखीच कण्हती. दादाबी शेवटी असाच, आधी वरच्या पट्टीत, मग खाली खाली येत गेला, मग एका सकाळी आवाजच न्हाई. म्हणून मी सारखा कान देतो. कण्हणं ऐकू आलं की भ्या वाटतं, आणि थांबलं की त्याच्यापेक्षा जास्त. थांबलं का आता? — न्हाई. हाय. ऐकलं न्हवं तुमी?

तुमी डॉक्टरांचं सांगणार. मला ठावं हाय, मीच गेलो होतो की तिला खांद्यावर टाकून. विषमज्वर म्हणाले. भाकरीचा तुकडा पोटात जाता कामा नये, दूध पाजा, आणि दूध टिकलं न्हाई तर डाळिंबाचा रस चमच्या-चमच्यानं. दूध टिकत न्हाई, ओकून टाकती. आणि तुमी पेठ पालथी घातली, तेबी कळलं मला. नदीला पाणी चढलंय, तासगावाकडनं गाडी येत न्हाई, फळवाल्यांच्या पाट्या पालथ्या पडल्यात. मी हळदीच्या पेठेत पोती वाहतो, मला न्हाई का दिसत? मीबी हिंडलो. एका मारवाड्याच्या घरी डाळिंब हाय म्हणून कळलं, तिथंबी जाऊन उभा राहिलो. सुकलेल्या साली निघाल्या, खोकल्यासाठी ठेवलेल्या. म्हंजे साऱ्या सांगलीत डाळिंब एकच, आणि ते हितं, माझ्या डोळ्यापुढं, दादाच्या रुमालात बांधलेलं.

तुमी म्हणाल, मग तोड की गड्या. तुमी लय शहाणं माणूस, तुमी असं थेट म्हणणार न्हाई, तुमी नुसतं बघत बसणार. पर तुमी दादाच्या दहाव्याला घाटावर न्हवता, आण्णा. तुमच्या जैनांत ते न्हाईच. तुमच्यात माणूस गेला की गेला, पुढच्या जन्माला लागला, मागं पिंड न्हाई, कावळा न्हाई. बरं हाय तुमचं. आमच्यात तसं न्हाई. दहाव्याला भाताचा पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. त्यानं चोच लावली की समजायचं, गेलेल्याचं मन शांत हाय. न्हाई लावली तर समजायचं, जीव कशाततरी अडकलाय, आणि मग एकेकानं पुढं हून हात जोडून कबूल करायचं — तुझं अमुक करीन, तुझ्या तमक्याला सांभाळीन.

त्या दिवशी घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या, वरच्या चिखलातच पिंड मांडला. उंबरावर कावळा बसलेला, एकच. गावाकडनं चुलते आले होते, ते दादाचं नाव घेऊन म्हणाले, लाला, तुझा जमिनीचा वाटा कुणी गिळणार न्हाई. कावळा हलला न्हाई. वैनीनं पदर पसरला, म्हणाली, मालीला तळहातावर वाढवीन. न्हाई हलला. चुलत्यांनी हळूच म्हटलं, खोटं बोललो असं वाटलं का काय त्याला, आणि दोघं-तिघं हसलेबी. माझा डोळा कावळ्यावरनं हटत न्हवता. पाणी चढत होतं, भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून लावू या, चालतं तसं. गवताचा कावळा, आण्णा! माझ्या दादाला! जो माणूस लढाईत आफ्रिकेच्या वाळूत एक पाय ठेवून आला आणि तरी हसत आला, त्याची गवताच्या काडीवर बोळवण? माझं डोकं फिरलं. मी पुढं गेलो, पिंडाजवळ, चिखलातच बसलो, आणि तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, "दादा, तुझ्या डब्यांस्नी हात लावू देणार न्हाई कुणाला. पानालासुद्धा न्हाई."

आणि आला की हो. तोंड मिटायच्या आत आला. नुसती चोच न्हाई लावली, घास उचलून नेला. सगळ्यांनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला — नाथानं वळखलं, भावाच्या मनातलं भावालाच कळतं.

तवा मलाबी तसंच वाटलं. घरी येऊन हितं, तुमी बसलाय तिथंच बसलो आणि रडलो. आणि रडताना समोर बघितलं तर घेवडा शेंगांनी लवलेला, भेदरं, म्हंजे तुमची टमाटी, लाल झालेली, दोडक्याचा येल तुमच्या भिंतीवर चढलेला. तवा माझ्या ध्यानात आलं, मी काय बोलून बसलोय ते. हात लावू देणार न्हाई म्हणालो. सांभाळीन म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पाणी घालीन म्हणालो असतो? पर न्हाई. माझी जीभ कवा माझ्या ताब्यात होती? शाळेतनंबी तिच्यापायीच निघालो.

दादा असता तर काय म्हणाला असता — व्हय, व्हय, विचारा, सगळे हेच विचारतात. दादा मला शिव्या घालत होता तोडत न्हाई म्हणून. घेवडा तोडलास तर पुन्हा येतो, न्हाईतर येलाला वाटतं आपलं काम झालं, आता मरायला हरकत न्हाई, असं म्हणायचा. पाय गेल्यावर गावाकडं नांगरामागं चालणं संपलं त्याचं. तुमी ह्या दोन खोल्या दिल्या, पुढं हा एवढासा फरशीचा चौक, आणि त्या माणसानं रॉकेलचे डबे गोळा केले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, फुटका रांजण घेतला, तेलाच्या घाण्यावरनं हे अर्धं पिंप आणलं. स्टुलावर बसून स्टूल ढकलत ढकलत शेती करायचा. डब्यांस्नी गावाकडच्या रानांची नावं दिलेली — हा थोरला मळा, हा विहिरीवरला तुकडा, हे ओढ्याकाठचं. मला म्हणायचा, नाथा, मळ्यातनं जरा कोथिंबीर आण, उन्हाचं डोक्याला फडकं बांधून जा. मी दोन पावलं टाकायचो आणि आणायचो. तुमी मुळा खात न्हाई म्हणून मुळ्याचे डबे तुमच्या दारापासनं लांब मांडले त्यानं, आठवतं? म्हणाला, आण्णांच्या डोळ्यादेखत उपटायला नको. पहिलं काहीबी पिकलं की मालीच्या तोंडात. पहिलं भेदरं, पहिली काकडी. हे डाळिंबबी तिचंच ठरलेलं. खारीनं खाऊ नये म्हणून फौजेतला रुमाल बांधला, तिला सांगितलं, लाल झालं की आपण दोघं सोडू.

मग? मग काय आण्णा? जित्या दादाला मी वळखत होतो. जित्या दादाशी मी भांडलो असतो, चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. पर कावळ्यातल्या दादाला मी वळखत न्हाई. तो काय खातो, कशावर रागावतो, मला ठावं न्हाई. तो बघा. वळू नका, नुसते डोळे फिरवा. भिंतीवर, दोडक्याच्या येलापाशी. रोज येतो. शेंगा कुजल्या, घेवडा पिवळा पडला, भेदरं फुटून खाली सांडली, आमी कोरडी भाकरी खाल्ली पर मी कुणाला हात लावू दिला न्हाई — तरी येतो. ओरडत न्हाई, खात न्हाई. बसतो.

आणि एक सांगू? वैनीला ठावं हाय, काकूला न्हाई. मालीनं भेदरं तोडलं होतं. तिला काय कळतंय, चार वर्साची पोर, बापाच्या डब्यातलं बापानंच दिलेलं तिला. तोंडात घातलं, आणि मी — मी गालात हाणली तिच्या. तोंडात बोट घालून ते भेदरं बाहेर काढलं आणि पुन्हा मातीत खुपसलं, जसं काय ते पुन्हा देठाला लागणार हाय. ती रडली न्हाई. माझ्याकडं बघत राहिली, हनुवटीवर लाल पाणी. आणि त्याच दिवशी दिवेलागणीला अंग तापलं. तुमी म्हणाल, ताप नदीच्या पाण्याचा. डॉक्टरबी तेच म्हणतात, गल्लीत आणखी तिघांस्नी आलाय. आसंल. पर मी काय करू? एका भेदऱ्याला एवढं झालं, तर डाळिंबाला काय हुईल? आणि न्हाई तोडलं तर —

थांबा. कण्हणं थांबलं का? — आण्णा, थांबलंय. — न्हाई. हाय. हाय, पर खालच्या पट्टीत. ऐका की. दादाचं असंच झालं होतं, ह्याच पट्टीत, आणि दुसऱ्या सकाळी —

तुमी उठू नका. काय म्हणता? तुमी तोडता? तुमच्यात पिंड न्हाई, कावळा न्हाई, तुमाला बाधणार न्हाई. व्हय की. माझ्या ध्यानात का आलं न्हाई. मी तोंड फिरवून उभा राहतो, मला दिसलंच न्हाई म्हणतो. तोडा. घाई करा, दिवस मावळायच्या आत तुमाला जेवायचंबी असंल, काकू खोळंबल्या असतील. तोडा. — न्हाई, न्हाई, मागं सरा. त्याला तुमचा धर्म काय कळतोय? हात दिसला की झालं. तुमच्या घरात नातवंडं हायत. सरा बाजूला. शब्द माझा होता, चिखलात मी बसलो होतो.

गाठ सुटत न्हाई. फौजी गाठ हाय, त्यानं मारलेली. नखं हळदीनं बोथट झाल्यात माझी — थांबा, दातानं. — बघू नका वर. मी बघत न्हाई, तुमीबी बघू नका. उडाला का? नको, सांगू नका.

घ्या. आत न्या. दाणे पांढरे असले तरी चालतील म्हणावं, रस तुमच्या हातानं पाजा, माझा हात लागलेला भाग धुवून काढा. वैनी मला बोलावील, तिला सांगा तो येत न्हाई. मी हितंच बसतो, डब्यांच्या मधी, म्हंजे मला हुडकायला त्या कावळ्याला आत जायला नको. आता काय बघत उभे राहिलाय आण्णा? जावा की. दार लावून घ्या आतनं.