खोकल्याच्या बाटलीतले औषध

दि. ११ जुलै १९९६, सकाळी ११.२०

माझे नाव सौ. सरोजिनी वामन कोचरेकर, वय ४७, धंदा घरकाम, शिक्षण जुनी मॅट्रिक, राहणार सेक्टर १, शिरवणे गावालगत, नेरूळ, नवी मुंबई. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी, यजमान व मुलगी अबोली, वय २१, असे तिघे राहतो. अबोलीचे लग्न उरणला ठरले असून साखरपुडा येत्या रविवारी आहे. त्यावरून घरात भांडण नव्हते. ती महिनाभर बोलतच नव्हती, त्यामुळे भांडणाचा प्रश्न आला नाही.

काल बुधवारी यजमान कामावर गेल्यावर मी देवापुढे पोथी वाचायला बसले. सप्ताहाचा सहावा दिवस होता. अध्याय मध्येच सोडून उठत नाहीत, बोलत नाहीत. साडेनऊच्या सुमारास अबोली मागे येऊन म्हणाली, "आई, जरा ऐक ना." मी हात वर करून थांब अशी खूण केली. ती म्हणाली, "उठू नकोस गं, नुसतं ऐक." मी हात खाली घेतला नाही. अध्याय मोठा होता.

सव्वादहाला उठले तेव्हा ती स्वयंपाकघरात पडलेली दिसली, तोंडाला ढेकणांच्या औषधाचा वास येत होता. शेजाऱ्यांच्या मदतीने रिक्षातून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणतात, वाचेल. तिचे घड्याळ व कानातली माझ्या उशीखाली मिळाली. कामाच्या वेळी ती काढून ठेवते.

हवालदार हौसेराव यांनी मला कायदा समजावून सांगितला. जीव द्यायला गेलेले माणूस वाचले तर त्याच्यावर गुन्हा, वर्षापर्यंत कैद. मेले तर गुन्हा नाही. कलम इंग्रजांच्या वेळचे आहे. दोन वर्षांपूर्वी कोर्टाने ते रद्द ठरवले होते, यंदा मार्चमध्ये परत लागू केले. मी विचारले, "म्हणजे फेब्रुवारीत झालं असतं तर?" ते म्हणाले, "तर तुम्ही आत्ता पोरीच्या उशाशी असता, बाई. कायदाच खुळा, मी काय करू?"

त्यावर मी सांगते की, ढेकणांच्या औषधाचा डबा गळत होता. उरलेले टाकवेना, म्हणून मी ते खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले. लेबल काढले नाही. अबोलीला खोकला होता. तिने चुकून घेतले.

हवालदार म्हणाले, "खोकला शेजारी कुणीच ऐकला नाही."

मी सांगितले, मी आई आहे, मी ऐकला.

"मग हयगयीचा गुन्हा तुमच्यावर येतो, बाई. पुन्हा विचार करा."

मी म्हटले, "लिहा."

अबोली शुद्धीवर आल्यावर तिचा जबाब घेण्याआधी मला पाच मिनिटे तिच्याजवळ बसू द्यावे, ही विनंती.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. याला देवाची शपथ लागते का, असे मी विचारले. लागत नाही, असे हवालदारांनी सांगितल्यावरून सही करते.

सौ. सरोजिनी वामन कोचरेकर