सत्ताविसावे चित्रपान

पुरवणी जबाब. महाड पोलीस ठाणे, ता. ६ मार्च १९३४.

नाव अवधूत विनायक दातार, वय ४६ वर्षे, धंदा वाचनालयाचा ग्रंथपाल, राहणार महाड, जिल्हा कुलाबा.

समक्ष हजर राहून सांगतो की, परवा याच टेबलासमोर मी बाळ केशव गुप्ते, वय २३, याच्यावर चोरीची फिर्याद दिली. बाळ मुंबईच्या चित्रशाळेत नक्षीकामाच्या वरच्या वर्गात शिकतो. आमच्या वाचनालयात विलायती नक्षीची साठ सुटी चित्रपाने पेटीत आहेत. ती बाहेर न्यायची नाहीत, असा नियम आहे. पाटी मीच रंगवली आहे. परीक्षेच्या कामासाठी बाळ संक्रांतीआधी महिनाभर रोज येऊन ती पाने पाहत असे.

शिवथरच्या देवळात आमचे चित्र लागले आहे, असे बाजारच्या दिवशी कानावर आले. पेटी पाहिली तर सत्ताविसावे पान नाही. वेलीतून वर आलेली पंखांची बाई, असे ते चित्र. बाळ म्हणाला, "दातारकाका, ते मी काढलेलं आहे. देवळातल्या खांबांवरच्या वेलीशी ताडून पाहायला नेलं होतं, ते तिथंच राहिलं." मी म्हणालो, महाडात बसून असे काम कोणाला जमायचे? हे वाक्य मी चार माणसांत बोललो.

काल सकाळी ठाण्याचा शिपाई आणि बाळ यांच्यासह मी शिवथरला गेलो. चित्र देवीशेजारी टेकवलेले होते, त्यावर कुंकू होते. ते कुंकू लावणाऱ्या गावच्या रंगूबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या आयला तोंड नव्हतं, निस्ता धोंडा. आता दिसली. कागूद नाय न्यायचा, मास्तर." मी ग्रंथपाल आहे, मास्तर नाही, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

कुंकू लागलेली वस्तू तिथे देवीच्या कौलाशिवाय हलवत नाहीत. गुरव गोमाजी यांनी धोंड्यावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. कागद उलटून पाहू का, असे विचारले. उजवी पडली, म्हणजे होकार. कागद उलटला. आमच्या प्रत्येक पानामागे वाचनालयाचा जांभळा शिक्का असतो. इथे शिक्का नव्हता. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली बाळची मापे होती.

शिपाई माझ्याकडे पाहू लागला. मी खांबांकडे पाहू लागलो.

मग बाळने आपला कागद परत मागितला. डावी पाकळी पडली. तीनदा विचारले, तीनदा डावीच. बाळने देवीला नमस्कार केला आणि तो पायऱ्या उतरला.

फौजदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, सत्ताविसावे पान सापडले आहे. ते माझ्या घरी, माझे कुटुंब चारुशीला हिच्या भरतकामाच्या ट्रंकेत होते. उशीच्या अभ्र्यावर तशी वेल भरायची म्हणून संक्रांतीला ते नेले होते. कोणी नेले, असे पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, मी. नंतर हलगर्जीपणाने ते साफ विसरलो. कुटुंबाला फिर्याद दिल्याचे काल कळले. चारुशीला एवढेच म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" अभ्रे सुंदर झाले आहेत.

बाळचे काम पंधरा तारखेच्या आत मुंबईला पोचले नाही तर त्याचे वर्ष जाईल. म्हणून आज सकाळी मी सत्ताविसावे पान काखेत घेऊन भर रस्त्याने त्याच्या घरी गेलो आणि चित्र पुन्हा काढण्यासाठी ते त्याच्या हाती दिले. चुकलो, असे त्याच्या वडिलांसमोर म्हणालो. फार लाज वाटली. त्याने रंग आधीच कालवून ठेवले होते. "काका, वाचनालयाच्या वहीत सही कुठे करू?" त्याने विचारले. मी म्हणालो, वहीत नको. या वेळी चित्राखाली कर, म्हणजे माझ्यासारख्यालाही ओळखता येईल.

माझी बाळवर कोणतीही तक्रार नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. 'हलगर्जीपणा' हा शब्द तेवढा फौजदारसाहेबांनी घातला. तोही बरोबर आहे.

सही: अ. वि. दातार