रस्त्यातली खुर्ची

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पुंडलिकरावजी, सत्कारमूर्ती मुख्याधिकारी साहेब, व्यासपीठावर विराजमान नगरसेवक मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या बोडीपुऱ्यातल्या बंधू-भगिनींनो, मंदिराकडच्या आणि बोडीच्या तळ्याकडच्याही! दोन्ही वेगळं म्हणावं लागतं, कारण मघापासून पाहतो आहे, या सभागृहातसुद्धा तुम्ही मधली वाट मोकळी सोडून दोन बाजूंना बसला आहात.

मी जागेश्वर, बोडीपुरा नाट्यमंडळाचा चिटणीस. हा पडदा आमचा, माईक आमचा, म्हणून वक्त्यांत एक नाव आमचंही घालावं लागलं असणार. अध्यक्षसाहेबांनी मघाशी कानात सांगितलं, "जागेश्वर, चांगलं बोलजो." प्रयत्न करतो.

आधीच्या वक्त्यांनी साहेबांना विकासाचे शिल्पकार म्हटलं. खरंच आहे. ब्याऐंशी साली साहेब या गावात आले तेव्हा बोडीपुरा एक मोहल्ला होता. आज दोन आहेत. चार वर्षांत एकाचे दोन करून दाखवणारा दुसरा अधिकारी आपल्या भंडारा जिल्ह्यात कुणी पाहिला आहे का? मधली घरं पडली, रुंद रस्ता झाला. दिवसभरात त्यावरून धानाच्या पाच-सहा बैलबंड्या जातात आणि बाकी वेळ कुत्री झोपतात. पण रस्त्याबद्दल माझी तक्रार नाही. रस्ते लागतातच.

माझा राग वेगळा आहे, आणि तो लपवण्याइतका सभ्य मी नाही.

समोर उजवीकडे यादोरावकाका बसले आहेत, डावीकडे त्यांचे चुलतभाऊ देवाजी. दोघांच्या घरांना एकच भिंत होती. एका घरात भाजी शिजली की दुसऱ्या घरात वाटी जायची. रस्ता झाला आणि बोलणं तुटलं. रस्त्यामुळे नव्हे! प्रत्येकाची खात्री होती की दुसऱ्यानं घर पाडायला आधी होकार दिला आणि मोहल्ला विकला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत इकडे एका दंडारीचा खेळ, तिकडे दुसरीचा, आणि दोन भोंगे एकमेकांकडे तोंड करून रात्रभर बोंबलत. पाहुण्यांना एकही धड ऐकू येत नसे.

म्हणून गेल्या मंडईत आम्ही एकच खेळ लावला. संहिता नाही, राजा नाही, राणी नाही. प्रत्येकानं आपल्याच कपड्यात उभं राहायचं आणि घर पडण्याआधी आपल्याशी काय बोलणं झालं तेवढंच सांगायचं. तालमी दोन्हीकडे वेगवेगळ्या घेतल्या, कारण एकत्र कुणी यायला तयार नव्हतं. कुणी काय सांगितलं ते एकट्या मला ठाऊक होतं. प्रयोग रस्त्यावरच ठेवला, प्रेक्षक दोन्ही कडांना.

एकच अडचण आली. साहेबांचं काम करायला माणूस मिळेना. देवाजी म्हणाले, "मी नाही बा! लोकं चपला हाणतीन, आन् चपला का साहेबाच्या घरी जातीन?" शेवटी साहेबांच्या जागी रस्त्याच्या मधोमध एक खुर्ची ठेवली. वर धुतलेला टॉवेल, पुढे स्टूल, स्टुलावर झेंडूची फुलं. बोलणाऱ्यानं त्या खुर्चीकडे पाहून बोलायचं.

उद्घाटनाला साहेबांनाच बोलावलं होतं. साहेब आले, टॉवेल घातलेली खुर्ची दिसली, पुढे फुलं दिसली, आणि बसले! आमच्यातल्या कुणाची "साहेब, ही नाटकातली आहे" म्हणायची छाती झाली नाही. मी खेळ सुरू केला.

देवाजी पुढे आले आणि खुर्चीकडे बोट करून म्हणाले, "हे साहेब माह्या घरी आले. म्हणे, यादोरावनं कवाच होकार देला, तुमीच काहून अडून राहिले? मले राग आला, मीबी होकार देऊन टाकला."

रस्त्याच्या पलीकडून यादोरावकाकांची पाळी.  काका म्हणाले, "मले तं सांगतलं का देवाजीनं होकार देला!"

 आनंदाबाई, देवाजींच्या घरच्या, बायकांतून उठल्या आणि साध्या आवाजात विचारलं, "साहेब, पयला होकार कोनाचा होता जी?"

साहेबांचं डोकं दुखू लागलं. ते उठून जीपकडे गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या पुढच्या प्रयोगांची परवानगी रद्द झाली, कारण रहदारीला अडथळा. कुत्र्यांची झोपमोड होत असावी.

यादोरावकाका अजून अडून आहेत. म्हणतात, "नाटकात कोनीबी कायबी बोलते. साहेबाच्या तोंडून आयकीन, तवा मानीन." इकडे देवाजींच्या लेकीचं लग्न या महिन्यात आहे. मांडवाची पहिली मेढ थोरल्या चुलत्यानं, म्हणजे यादोरावकाकांनी, रोवायची ही त्या घरची रीत. आनंदाबाई म्हणतात, मेढ त्याच हातानं, नाहीतर मांडवच नको.

साहेब, उद्या आपण जाल. आज आपण बसला आहात ती खुर्ची तीच आहे, मंडळाची. टॉवेलही तोच. म्हणून आनंदाबाईंचा प्रश्न मी पुन्हा विचारतो. पहिला होकार कुणाचा होता?

माईक इथे आहे. आम्ही थांबतो.

अध्यक्षसाहेब, घंटी वाजवू नका. साहेब पाणी पीत आहेत.

पाणी संपलं, साहेब. उत्तर?

बरं. आपण हारातली फुलं मोजत बसलात, हेही सगळ्यांनी पाहिलं. एका माणसाचं नाव घ्यायला इतका वेळ लागत नाही. असतं तर घेतलं असतं.

कोण उठलं? यादोरावकाका? काका, दार मागे आहे, तुम्ही मधल्या वाटेत... वाट सोडा रे, काकांना जाऊ द्या देवाजींकडे. काय म्हणता? मोठ्यानं बोला, काका, मागच्यांना ऐकू द्या!

"मांडव कवा हाये, देवाजी?"

ऐकलंत ना सगळ्यांनी?

मंडळी, माईक दिल्याबद्दल अध्यक्षांचा आणि शांतपणे ऐकल्याबद्दल आपला मी ऋणी आहे. बोलताना जीभ घसरली असेल तर लहान समजून पोटात घाला. साहेब, आपण उठू नका, बसा. आता आपल्या उत्तराचं काम उरलं नाही.