रांगोळीवरून न गेलेली शर्यत

मंडळी, ऐका. आज आधी एक प्रश्न टाकतो आणि मग गोष्टीला हात घालतो. उत्तर लगेच देऊ नका – पुढच्या रांगेतले काका, तुम्ही तर मुळीच नको, तुम्ही देवालासुद्धा मध्येच थांबवाल.

प्रश्न असा. कुणी तुम्हाला जीव लावून ओवाळलं, आणि त्या ओवाळण्यातच तुमचा हात भाजला. तर तो भाजलेला हात चारचौघांत दाखवत फिरायचं – की मुकाट्यानं खिशात घालायचा?

म्हणाल, महाराज, सोपं आहे, खिशात घालायचा. सोपं? परवा पोराच्या हातून चहा सांडला तर गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला होता तुमचा! मृदंगवाले हसतायत, म्हणजे गल्ली कुठली ते त्यांना कळलंय. असो. विठ्ठल, विठ्ठल.

तर निमसरी नावाचं गाव. डोंगराच्या पायथ्याशी. दर जानेवारीत तिथं सायकलींची मोठी शर्यत व्हायची. निमसरीच्या मैदानातून सुटून एका घाटानं वर चढायचं, वरचं पठार पार करायचं, आणि दुसऱ्या घाटानं सुसाट खाली उतरून परत त्याच मैदानात. लांबलांबची मुलं-मुली यायची. डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखा टोप, अंगाला घट्ट कपडे, आणि सायकली अशा हलक्या की आमच्या वीणेकऱ्यांची वीणा जड वाटावी.

ही शर्यत उभी केली गुळवणी मास्तरांनी. शाळेत कवायतीचे मास्तर होते, आता सदुसष्ट वर्षांचे. लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, मास्तरांचा संसार म्हणजे ही शर्यत. त्या वर्षी तिला पंचविसावं वर्ष होतं – आणि एक काळजीही होती. शर्यतीच्या वरच्या मंडळाकडं दोन मोठी शहरं हीच तारीख मागत होती. मंडळानं कळवलेलं, यंदा काही चूक झाली तर पुढच्या वर्षी तारीख दुसऱ्या गावाला. म्हणजे काय? तारीख गेली की शर्यत गेली. मास्तरांची पंचवीस वर्षांची मेहनत गेली.

आता मास्तरांची एक रीत होती, ती नीट लक्षात घ्या. शर्यतीच्या दिवशी सकाळी आपली काळी बावीस इंची सायकल टेम्पोत घालून ते चढाच्या बाजूनं घाटमाथ्यावर जायचे, आणि तिथून एकटे सायकलवर खाली यायचे. शेवटचा उतार स्वतःच्या चाकाखाली घालायचा, मग शिट्टी वाजवायची. कुणी म्हणायचं, मास्तर, जीपमधून बघा की. मास्तर म्हणायचे, 'जीपला चार चाकं असतात. तिला काय कळतंय?'

त्या दिवशीही उतरत होते. धुकं दाट. घाटाच्या मधोमध एक मोठं वळण आहे, त्या वळणावर धनवडेवाडी. वाडी जवळ आली, आणि – मागचं चाक सरकलं. पाय टेकला म्हणून वाचले. खाली बघतात तो काय? रस्त्यावर शेणाचा सडा. हिरवागार, ओला, वळणाच्या अलीकडून पलीकडं दोनशे पावलं. आणि त्यावर रांगोळी! मोर, कलश, आणि बरोबर मधोमध एक भली मोठी सायकल काढलेली, पायडलच्या जागी दोन कमळं.

माताभगिनींनो, तुम्हाला सांगायला नको. सडा ओला असतो तेव्हा अनवाणी पायसुद्धा जपून टाकतो आपण. आणि तिथून येणार होती बोटभर रुंदीची चाकं, एकशे ऐंशी, उतारावर, एकमेकांना खेटून.

तेवढ्यात हौसाक्का आली. वाडीतल्या बायकांची पुढारी. हातात रांगोळीचा डबा, कपाळावर घाम, तोंडभर हसू.

'या मास्तर. कसं झालंय सांगा.'

'ही कल्पना कुणाची, अक्का?'

'माझीच की. दर साली पोरं ह्या रखरखीत डांबरावरनं जात्यात. पंचविसावं वरीस, आन् पाहुणा दारावरनं जाणार नि सडा न्हाई? आमाला ग्वाड वाटंना. बावीस बायका लागलो पहाटंपास्नं. गोठंच्या गोठं रिकामं केलं.'

मास्तरांनी वाकून सड्याला बोट लावून बघितलं. हौसाक्का जरा घाबरली. 'का वो? मोर बिघडलाय व्हय?'

मास्तर म्हणाले, 'मोर झकास आहे. अक्का, पंचवीस वर्षं शर्यत घेतोय. माझ्या शर्यतीचं असं स्वागत आजवर कुणी केलं नाही.'

बघा बरं – खोटं बोलले का? एक अक्षर खोटं नाही. आणि मग सायकल हातात धरून, गटाराच्या कडेकडेनं, एकाही रांगोळीला चाक लागू न देता, मास्तर चालत वळण उतरले.

मागून कोण म्हणालं? धुऊन टाकायचं? दादा, जानेवारीतला घाट आहे. त्यावर पाणी ओतलं तर शेण आणखी खाली पसरणार, आणि अकरापर्यंत वाळणार नाही. पोलिसांनी रस्ता दिलेला सात ते दहा. दहाला एस्टी सुरू. मास्तरांनी हा सगळा हिशेब त्या उतारावरच केला असणार. कारण मैदानात पोचले ते थेट लाउडस्पीकरपाशी गेले आणि म्हणाले –

'मुलांनो, उताराचा रस्ता शर्यतीला योग्य नाही. शर्यत रद्द. रस्त्याची जबाबदारी माझी होती. मला माफ करा.'

झालं! मंडळी, पाठीवर नंबर लावून एकशे ऐंशी जण उभे. सहा-सहा महिने पहाटे उठलेले. कुणी भुई बडवतंय, कुणी रडतंय. एक म्हणाला, 'पंचवीस वर्षं काय घाटात गवत काढत होतात का?' गावातला सायकलदुकानदार – ज्याला मास्तरांनी पहिलं पंक्चर काढायला शिकवलं, तोच – म्हणाला, 'म्हातारं थकलं. सोडायला पाहिजे आता.' आणि गेल्या वर्षी पहिला आलेला अवधूत चिकोडे, इचलकरंजीचा गडी, तो तर तोंडावर येऊन बोलला, 'मास्तर, तुम्हाला उतार झेपत नाही म्हणून आम्ही घरी जायचं होय?'

मास्तर उभे. हात मागं बांधलेले.

मंडळाचे निरीक्षक होते तगारेसाहेब. भला माणूस, पण नियमाचा. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. 'मास्तर, नुसतं रस्ता योग्य नाही असं लिहून चालत नाही. काय झालंय? कुणा बाहेरच्याची चूक असेल तर तसं लिहा, तुमची तारीख वाचेल.'

मंडळी, जरा थांबा. टाळ थांबवा. एक ओळ लिहायची होती! 'धनवडेवाडीच्या बायकांनी रस्त्यावर शेण टाकलं.' खरी ओळ. तारीख वाचते, शर्यत वाचते, तोंडावर आलेली शिवी परत जाते. तुम्ही काय केलं असतं? मी सांगू मी काय केलं असतं? मी ती ओळ लिहून खाली दोनदा अधोरेखित केली असती.

मास्तर म्हणाले, 'रस्ता बघायचं काम माझं. एवढंच लिहा.' आणि सही केली.

इकडं अवधूत पेटलेला. 'बघतोच काय झालंय रस्त्याला' म्हणून टेम्पोत सायकल घालून चढाच्या बाजूनं गेला माथ्यावर, आणि सुटला खाली. वाडीच्या वळणावर हौसाक्का आणि बायका आरती घेऊन उभ्या. पहिला पाहुणा आला म्हणून पुढं सरसावल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पोराची सायकल एकीकडं, पोरगं एकीकडं. मोरावरून घसरत गेलं ते थेट कमळापर्यंत! देवाची कृपा, कोपर तेवढं सोललं.

बायका धावल्या. हौसाक्कानं पदर फाडून कोपराला बांधला. 'बाकीची पोरं कुठं हायेत रं?'

'शर्यत रद्द केली मास्तरांनी.'

'का?'

अवधूतनं हाताकडं पाहिलं. हिरवा झालेला हात. मग रस्त्याकडं पाहिलं. मग हौसाक्काकडं. आणि हिरवा हात पाठीमागं नेला.

तिनंच विचारलं, 'मास्तरांनी काय कारण सांगितलं?'

'म्हणाले, रस्त्याची जबाबदारी माझी.'

हौसाक्का रस्त्याच्या कडेला बसली.  मग उठली आणि म्हणाली, 'चला गं. समद्या चला.'

मैदानात अजून शंभर-सव्वाशे लोक होते, मास्तरांच्या नावानं बोटं मोडत. बावीस बायका टेम्पोतून उतरल्या. हातापायाला शेण तसंच. हौसाक्का लाउडस्पीकरपाशी गेली. जन्मात कधी त्या दांड्यासमोर उभी राहिली नव्हती. म्हणाली, 'पोरांनो, वळणावर सडा आमी टाकला. मास्तरांनी सकाळी बघितला. आमाला एक शब्द बोलले न्हाईत, तुमालाबी न्हाई. चूक आमची हाय. शिव्या द्यायच्यात त्या हिकडं द्या.'

 सायकलदुकानदारानं टोपी काढून हातात घेतली. तगारेसाहेबांसमोर हौसाक्का उभी राहिली. 'सायेब, तो कागद बदला. माझं नाव घाला.'

मास्तर मध्ये आले. 'अक्का, असू दे.'

'असू दे कसं? तुमची शर्यत गेली की.' आणि मग जवळ येऊन म्हणाली, 'मास्तर, सकाळी मला का सांगितलं न्हाईत?'

मास्तर म्हणाले, 'अक्का, सांगितलं असतं तर पुन्हा कधी वाडीत पाहुणा येताना तुमचा हात सड्याला गेला असता का? आखडला असता. शर्यती काय, कुठंही होतात.'

अवधूत तिथंच उभा होता, कोपराला पदराची चिंधी. त्याला मास्तरांची माफी मागायची होती. पण वळला तो हौसाक्काकडं आणि म्हणाला, 'अक्का, वाडीत खायला काय केलंय?'

'शेंगदाण्याचं लाडू. दोनशे.'

'मग इथं काय उभ्या राहिलात?'

आणि मंडळी, जेवढे उरले होते तेवढे सगळे, सायकली हातात धरून, मास्तरांना पुढं घालून, चालत चढले तो घाट. लाडू खाल्ले. मास्तरांनी किती खाल्ले म्हणता? चार. सदुसष्टाव्या वर्षी!

आता तुम्हाला वाटत असेल, महाराज सांगणार की मंडळाला दया आली आणि तारीख वाचली. सांगितलं असतं हो, मला काय जड होतं? तगारेसाहेबांनी हौसाक्काचंही म्हणणं कागदावर घेतलं आणि दोन्ही कागद मंडळाला पाठवले. मास्तरांच्या कागदावर चूक मास्तरांची, हौसाक्काच्या कागदावर चूक हौसाक्काची. त्यांनी वर एक ओळ लिहिली, की दोघांनी एकच चूक आपापल्याकडं ओढलेली मी नोकरीत पहिल्यांदा पाहतोय. पण नियम तो नियम – मंडळ धरणार शर्यत घेणाऱ्याच्या सहीचा कागद, आणि मास्तरांनी तो काही बदलला नाही. तारीख दुसऱ्या शहराला गेली. निमसरीची शर्यत संपली ती संपलीच.

मग मास्तर हरले का? बोला की. मघाशी भरभर माना हलवत होता.

नाही हरले. अहो, शर्यत दुसऱ्या गावाला देता येते. धनवडेवाडीच्या बावीस बायका आजही दारात मान वर करून सडा टाकतात, तो मान कुठलं मंडळ दुसऱ्या गावाला देणार? आणि हौसाक्काला विसरू नका. मास्तरांनी चूक झाकली, हे थोर. पण झाकलेली चूक स्वतःच्या हातानं उघडी करायची, शेणानं भरलेल्या हातानं लोकांसमोर उभं राहायचं – त्याला मी देवाच्या पायाशीच बसवतो. एकानं झाकावी, दुसऱ्यानं कबूल करावी. या दोघांच्या मधल्या जागेत देव राहतो. आपण काय करतो? जो चुकला तो झाकतो आणि जो बघतो तो गावभर उघडी करतो. बरोब्बर उलटं!

तर भाविकहो, आख्यान इथं थांबवतो, कारण मागं पानं मांडल्याचा आवाज येतोय. आपल्या गावच्या लेकीसुना पहाटेपासून चुलीपुढं आहेत, पाचशे पानांचा स्वयंपाक आहे. पाचशे पानांत काहीतरी चुकलेलं असणारच. आमटीत मीठ असेल, नसेल, दोनदा पडलं असेल. मला काही माहीत नाही, मी चाखलेली नाही. मी फक्त एवढं करणार आहे, की आज तुमच्या समोरच्या पंगतीत बसणार आहे, आणि पहिला घास घेतल्यावर एकेकाचं तोंड बघणार आहे.

पुढच्या रांगेतले काका, तुमच्या अगदी समोर बसतो. म्हणा आता सगळ्यांनी, विठ्ठल विठ्ठल – आणि चला जेवायला.