मोजून दिलेलं पाणी

माझं माहेर चारठाण्याचं, दिलं मानवतला. आमचे हे जिनिंगात कापसाचे गठाण उचलायचे, अन् काय सांगू तुमाला, दोघांचं वझं एकटा घेणारा माणूस, त्याला पुढं उंबरा चढला की धाप लागायली, पाय सुजून टम्म. परभणीला डॉक्टर म्हणला, बाई, बीपीनं दोनी किडन्या गेल्यात, लघवी उतरंना म्हणून पाणी अंगात साठायलंय, त्याचा भार काळजावर यायलाय, काळीज फुगलंय, दिवसाला दोन गिलास पाणी, वर घोट न्हाई. रगत धुवायची मशीन लांब शहरात, तिथं घडीघडी कोण नेणार, अन् तवा नामांतराचे मोर्चे, एसटी निघंल का न्हाई भरवसा नसायचा.

मग मी पाणी मोजायला लागले. वैशाखाचं ऊन, अन् मी माठापाशी राखण बसायची. हे मागायचे, मी न्हाई म्हणायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, नवऱ्याला पाणी सुदीक देत न्हाई, कैदाशीण हाय. म्हणू द्या म्हणलं. हे भिंतीला टेकून बसूनच झोपायचे, आडवं झालं की जीव गुदमरायचा, अन् जागे असले की नजर माठावर. पण सूज उतरली. मला वाटलं, मी जितले.

तेवढ्यात नणंद आली वालूरहून, नदीच्या वाळूतले खरबुजं घेऊन. भाऊ पार वाळून गेला म्हणून रडली. मी म्हणलं, खाऊ द्या, हे काय पाणी थोडंच हाय. डॉक्टरनं फळाचं बी सांगितलं व्हतं का? सांगितलं असंल. माझ्या ध्यानात पाणीच राहिलं. एक खाल्लं, दुसरं फोडायला लावलं, हनवटीवरून रस गळायलाय अन् माणूस हसायलाय, लय दिवसांनी. म्हणले, "आज खरी तहान भागली बघ."

दुसऱ्या दिशी सकाळी म्हणले, पायात जीव न्हाई, छातीत कसंतरी होतंय. टांग्यात घालूस्तवर मान टाकली. तसंच दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणला, फळातला क्षार किडनीला बाहेर काढता येईना, तो रगतात वाढला अन् काळीज थांबलं. शेवटचं पाणी तोंडात घातलं तर सगळं बाहेर आलं, घोटभर बी आत गेलं न्हाई.

खरबुजानं गेले, हे नणंदेला मी कधीच सांगितलं न्हाई. फोडून तर मीच दिलं ना. तिचं काय चुकलं, तिची माया व्हती.

आता दारावर कोणी बी येवो, तांब्या भरून देते. तुमी बी घ्या, कवापासून उनातान्हाचं ऐकत बसलात, भलं होवो तुमचं. सगळा प्या. मी बघत न्हाई.