मिशी झाका, केस झाका

बँकेत फोटोवरून ओळख पटत नाही म्हणून तुम्ही वैतागता, तेव्हा मला चिनी भाषेच्या परीक्षेचे ते सर आठवतात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. श्रीरामपूरहून वडिलांबरोबर मी पुण्याला परीक्षेला गेलो होतो. नियम कडक. ऐकून उत्तरं लिहायची कॅसेट सुरू झाली की दार बंद, मग कुणालाही आत सोडत नसत.

दारात सरांनी हॉलतिकीट पाहिलं, मग मला पाहिलं. "फोटोत केस आहेत. मिशीपण आहे."

"सर, आम्ही बौद्ध. परवाच श्रामणेर शिबिर संपलं. तिथं काही दिवस भिक्खू होऊन राहायचं, मिशीसकट मुंडण करतात."

वडिलांनी टोपी काढून स्वतःचा गोटा दाखवला. "मीबी शिबिराला बसलो हुतो सायेब. पोरगं माझंच हाय."

"वडिलांची साक्ष नियमात बसत नाही."

आत कॅसेट लावायची खुडबुड सुरू झाली. शेवटी सरांनी अंगठ्याने फोटोतले केस झाकले, करंगळीने मिशी झाकली आणि बराच वेळ निरखून मला आत सोडलं. "नवा फोटो आणून द्या. सर्टिफिकेटवर तोच लागेल."

मी पास झालो. पुढच्या वर्षी वरच्या परीक्षेला ते सर्टिफिकेट दाखवायचं होतं. दारात तेच सर.

"फोटोत केस नाहीत. मिशीपण नाही."

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "एका हाताने केस झाका, दुसऱ्याने मिशी."

सगळ्या रांगेसमोर मी तसा उभा राहिलो. सरांनी मान डोलावली.

"हां, तुम्हीच. आता जागेवर बसेपर्यंत हात काढू नका."